तीन सेकंदांचा दम

ट्रीसाच्या स्टुडिओत लग्नाआधी नवरी मुलगी एकटी कधी येत नसे. आई, मावशी, एखादी भावजय असा लवाजमा बरोबर असायचा आणि अल्बमच्या पुठ्ठ्याचा रंग ठरवण्यातच अख्खी दुपार जायची. म्हणून गुरुवारी भर जेवणाच्या वेळेला सेलीन एकटीच दारात येऊन उभी राहिली, तेव्हा ट्रीसाने हातातला डबा बंद केला.

"जेवा ना चेची," तिने थोरल्या बहिणीला मारावी तशी हाक मारली, "मी थांबते."

"जेवण कुठे पळून जात नाही. ये, बस. आईला कुठे सोडलंस?"

"तिला सांगितलंय, शिंप्याकडे चाललेय म्हणून."

लग्नाला दहा दिवस उरले होते. पालाईच्या बसस्टँडमागच्या त्या गल्लीत सेलीनच्या घराण्यातल्या सगळ्या लग्नांचे अल्बम तयार झाले होते. सेलीनच्या बाप्तिस्म्याचे फोटोसुद्धा इथलेच, फक्त तेव्हा कॅमेरा ट्रीसाच्या वडिलांच्या, पाप्पच्चनांच्या हातात असायचा. आता सत्तरी ओलांडल्यावर ते मागच्या दाराशी खुर्ची टाकून आपले जुने लाईट पुसत बसत, आणि पुढे जे काही चाललेलं असेल त्यावर कुणी न विचारता मत देत.

सेलीन बसली, पण पाठ न टेकता. "चर्चमध्ये फोटोचे लाईट किती असतील, चेची?"

"माझे चार. नवऱ्याकडून कोचीचा जोमोन येतोय, त्याचे सहा तरी असतील. का गं? फोटोत डोळे मिटतील म्हणून घाबरतेस?"

सेलीन हसली नाही. मागे वळून तिने पाप्पच्चनांकडे एकदा बघितलं आणि आवाज उतरवून म्हणाली, "मला लाईटने फिट येते."

मग तिने सगळं सांगितलं. सोळा वर्षांची असताना शाळेच्या संमेलनात नाच होता. स्टेजवर लुकलुकणारे दिवे लावले होते. पुढचं तिला आठवत होतं ते एकदम हॉस्पिटलातलं, जीभ चावलेली आणि आई रडत असलेली. तेव्हापासून गोळ्या चालू होत्या. गेल्या पाच वर्षांत एकही झटका नव्हता. कोट्टयमचे डॉक्टर म्हणायचे, एक लाईट चमकला तर काही होत नाही, थोड्या वेळाने दुसरा चमकला तरी नाही. भराभर, एकामागून एक चमकत राहिले, तर मात्र सांभाळायचं.

"आणि लग्नात नेमकं तेच होतं," ट्रीसा म्हणाली.

"मनसम्मताच्या वेळी झालंच होतं जवळजवळ." मनसम्मतम म्हणजे चर्चमधला साखरपुडा, तो नोव्हेंबरात झाला होता आणि फोटो जोमोनच्या माणसांनी काढले होते. "दोन्ही बाजूंनी चार-पाच जण उभे. एकाचा लाईट गेला की दुसऱ्याचा. माझा हात एकदा उडाला, चेची. आपोआप. मग डॉक्टरांनी शिकवलं होतं तसा एका डोळ्यावर तळहात घट्ट धरला. लोकांना सांगितलं, डोळ्यात काहीतरी गेलं."

"टोबिनला माहीत आहे?"

सेलीनने नकारार्थी मान हलवली. "अम्मा नको म्हणते. आधीचं एक स्थळ यावरूनच मोडलं."

"अगं, पण तो स्वतः नर्स आहे ना आयर्लंडमध्ये? त्याला तर उलट कळेल."

"मीही तेच म्हटलं. अम्मा म्हणते, नर्स आहे म्हणूनच सांगू नकोस. दिवसभर आजारीच बघतो, घरी आणखी एक कशाला आणेल?"

ट्रीसाने फक्त विचारलं, "मग काय करू? फ्लॅश न लावता काढू? फोटो जरा काळपट येतील, पण येतील."

"नको," सेलीन चटकन म्हणाली. "काळपट नकोत. बाकीच्या मुलींसारखे हवेत. फक्त मला तिथे डोळे उघडे ठेवून उभं राहता आलं पाहिजे. काही करता येईल का, चेची?"

ट्रीसाने क्षणभर विचार केला. "येईल," ती म्हणाली. कसं ते तिलाही अजून माहीत नव्हतं. पण तो एक शब्द ऐकून सेलीनची पाठ पहिल्यांदा खुर्चीला टेकली, आणि मग शब्द मागे घ्यायची सोय राहिली नाही.

ती गेल्यावर मागून आवाज आला, "माझे डोळे काढून टाकावे लागतील."

"ऐकत होता ना सगळं?"

"मोळे," पाप्पच्चन लेकीला म्हणाले, "कान अजून धड आहेत माझे. गुडघे गेलेत."

पाप्पच्चन 'डोळे' म्हणत ते त्यांच्या लाईटच्या पाठीला चिकटवलेल्या लाल काचेच्या बोंडांना. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश चमकला की ते बोंड त्याला बघतं आणि मोठा लाईट पेटवतं. वायरची भानगड नाही. चाळीस वर्षं त्यांनी यावरच लग्नं काढली होती आणि या डोळ्यांविरुद्ध शब्द ऐकून घेतला नव्हता. पण डोळ्याला आपला-परका कळत नाही. जोमोनने फोटो काढला तरी ट्रीसाचे चारही लाईट पेटणार, त्याच्या जोडीदाराने काढला तरी पेटणार, नवरीच्या मामाने हौसेने आणलेल्या कॅमेऱ्यालाही पेटणार. कोण कधी बटण दाबेल याला धरबंध नाही. वेदीपुढे नुसती वीज कडाडत राहिल्यासारखं व्हायचं.

"रेडिओवाले ट्रिगर घ्यावे लागतील," ट्रीसा म्हणाली. "मी दाबीन तेव्हाच पेटणारे."

"तीन वर्षं सांगतेयस, घ्यायचे म्हणून."

"तीन वर्षं तुम्हीच नको म्हणताय, चाच्चन."

"मग आता हो म्हणतोय. उद्या कोट्टयमला जाऊ. मी येणार."

शुक्रवारी सकाळी दोघं वर्कीच्या दुकानात पोचले. वर्की हा जिल्ह्यातल्या निम्म्या फोटोवाल्यांना सामान विकणारा माणूस. त्याने काचेवर तीन खोकी मांडली आणि सवयीने सगळ्यात स्वस्त पुढे सरकवलं.

"हे घे चेची. कॅमेऱ्यावर हा तुकडा, लाईटला हा. सगळे हेच नेतात."

ट्रीसाने आपला लाईट दुकानाच्या दाराशी उभा केला. पाप्पच्चनांना मोजायला बसवलं आणि ती कॅमेरा घेऊन गल्लीच्या टोकाला, बेकरीच्या भिंतीआड गेली. तिथून तिने वीस वेळा बटण दाबलं. परत आली तेव्हा पाप्पच्चन बोटं धरून बसले होते.

"किती?"

"एकोणीस."

"म्हणजे एकदाच चुकला?"

"तीनदा चुकला. आणि दोनदा तू दाबायच्या आधीच पेटला. समोरून रिक्षा गेली तेव्हा."

वर्की म्हणाला, "एवढं चालतं, पाप्पच्चनचेट्टा. गल्लीत सतरा वायरलेस असतात. लग्नात कोण मोजतंय?"

"एक जण मोजणार आहे," ट्रीसा म्हणाली. "चुकलेला फोटो मी पुन्हा काढीन. पण न दाबता पेटणारा लाईट मला नको."

वर्कीला गिऱ्हाईक कळलं असं वाटलं. त्याने एकदम तिसरं, सगळ्यात महागडं खोकं उघडलं. "मग हा बघ. यात तुला काहीच करायचं नाही. लाईट किती हवा ते हा स्वतःच ठरवतो."

"कसा ठरवतो?" पाप्पच्चनांनी विचारलं.

"आधी एक बारीक झळक मारतो, ती परत येते ती मोजतो, आणि मग खरा लाईट."

"म्हणजे एका फोटोला दोन झळका?"

"अहो, इतक्या लागोपाठ की डोळ्याला कळतही नाही."

बाप-लेकीने एकमेकांकडे बघितलं. "डोळ्याला कळतं," ट्रीसा म्हणाली. "ठेव परत."

"चेची, हा कोचीचे मोठमोठे लोक मागवून घेतात!"

"घेऊ देत. मधला दाखव."

मधला दिसायला अगदीच साधा होता. आपोआप काही करत नसे, लाईट किती ठेवायचा तो आपणच अंदाजाने ठेवायचा. पण त्यात बत्तीस चॅनेल होते आणि त्याशिवाय एक ते नव्याण्णवपैकी आपला स्वतःचा नंबर लावता येत होता. तो नंबर जुळल्याशिवाय लाईट पेटत नसे. ट्रीसा पुन्हा बेकरीमागे गेली. तिथून समोरच्या लॉजच्या वरच्या मजल्यावर गेली, व्हॅनचं दार लावून आत बसली, सगळीकडून वीस-वीस वेळा दाबलं. घामाघूम होऊन परतली तेव्हा पाप्पच्चन शांत बसले होते.

"सगळे आले," ते म्हणाले. "आणि रिक्षा नऊ गेल्या."

वर्की खोकं बांधताना पुटपुटत राहिला, की लोक महागडं घेता येत नाही म्हणून मधलं घेतात, महागडं चालत नाही म्हणून मधलं घेणारे आज पहिल्यांदा बघितले. पाप्पच्चन त्याला म्हणाले, "वर्की, बघायला मिळालं ना? मग दोन सेल वर टाक."

परतीच्या वाटेवर एट्टुमानूर मागे पडल्यावर पाप्पच्चन अचानक म्हणाले, "मोळे, तू चर्चमध्ये घाईत असलीस आणि दाबत सुटलीस तर?"

"मी लक्ष ठेवीन ना."

"माणसाच्या लक्षावर सोडू नये. तुझे नवे लाईट सेकंदात दोनदा पेटतात. माझे जुने दोन भलेमोठे आहेत ना? ते एकदा पेटले की तीन सेकंद दम खातात. दम भरल्याशिवाय कितीही दाब, पेटत नाहीत. त्यांना हे नवे ट्रिगर लाव. तोंड छताकडे कर, पांढरं छत आहे तिथलं, उजेड मऊ पडेल."

ट्रीसाने गाडी चालवता चालवता त्यांच्याकडे बघितलं. गेली सहा वर्षं ती ते दोन लाईट भंगारात द्यायचं म्हणत होती.

"पुढे बघ," पाप्पच्चन म्हणाले. "बस येतेय."

आपल्या लाईटचा प्रश्न सुटला, पण जोमोनच्या लाईटचा होताच. त्याला नेमकं काय सांगायचं? खरं कारण सांगता येत नव्हतं, आणि खोटं सांगितलं तर लग्नाच्या मांडवात ते टिकत नाही. दोन दिवस विचार करून ट्रीसा सोमवारी सकाळी सरळ नवऱ्याकडच्या चर्चमध्ये अच्चनांना, म्हणजे तिथल्या पाद्रींना, भेटायला गेली. अच्चन बागेत मिरीच्या वेलाला आधार बांधत होते. ती म्हणाली, येत्या रविवारच्या लग्नात आत एकाच फोटोवाल्याचे लाईट चालतील असा नियम तुम्ही केलात तर फार बरं होईल.

अच्चनांनी सुतळी खाली ठेवली. "वीस वर्षं मी लग्नं लावतोय. नवरीच्या गळ्यात मिन्नू बांधायच्या वेळी मला नवऱ्याचा हात दिसत नाही, डोळ्यांपुढे हिरवे-निळे गोळे नाचत असतात. हे मागायला फोटोवाल्यांपैकी कुणीतरी येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं."

"मग तुम्हीच कधी बोलला का नाहीत, अच्चन?"

"बोललो की. पण लोक आमचं ऐकतात ते प्रवचनापुरतं. फोटोवाल्यापुढे आमचं काय चालतं?" त्यांनी हात झटकले. "जा, सांग त्या कोचीवाल्याला. म्हणावं, अच्चनचा हुकूम आहे. कारण विचारलं तर मला फोन करायला सांग. बघतोच."

त्यांनी तिलाही कारण विचारलं नाही. चर्चच्या पायऱ्या उतरताना ट्रीसाचं निम्मं ओझं तिथेच राहिलं.

जोमोनला फोन करायला तिने संध्याकाळ केली. या मुलाबद्दल तिने बरंच ऐकलं होतं. दहा माणसांचा ताफा, आकाशात उडवायचा कॅमेरा, आणि लग्नात असा उजेड पाडायचा की देवळाच्या उत्सवातली आतषबाजी फिकी पडावी. तो अडून बसणार असं धरूनच तिने अच्चनांचा नियम सांगितला.

पलीकडून जोमोन म्हणाला, "बरं झालं."

"काय?"

"म्हणजे, ठीक आहे चेची. लाईट तुमचे राहू देत. तुमचा ट्रिगर कुठला? तोच माझ्याकडेही आहे. तुमचा नंबर सांगा, मी माझ्या कॅमेऱ्यावर तोच लावतो. माझा दुसरा माणूस फ्लॅशशिवाय काढेल. शनिवारी दुपारी चर्चमध्ये बघून घेऊ या?"

फोन ठेवून ट्रीसाने वडिलांना सांगितलं, जोमोन कबूल झाला.

"इतक्या सहज?" पाप्पच्चन म्हणाले. "नक्की जोमोनच होता ना?"

शनिवारी दुपारी तीन वाजता रिकाम्या चर्चमध्ये तिघं भेटले. जोमोन तिशीचा, ठेंगणा, हसऱ्या चेहऱ्याचा निघाला. त्याने आल्याआल्या पाप्पच्चनांना वाकून नमस्कार केला आणि त्यांच्या जुन्या लाईटभोवती दोनदा फिरून आला. म्हणाला, "अप्पच्चा, असे आमच्या उस्तादांकडे होते. पडले तरी दगड फुटायचा, लाईट नाही."

"बघ," पाप्पच्चन लेकीला म्हणाले. "याला कळतं."

मोठे दोन लाईट वेदीच्या दोन्ही अंगांना खांबांआड उभे केले, तोंडं छताकडे. त्यांच्या पाठीवरच्या लाल डोळ्यांवर पाप्पच्चनांनी स्वतःच्या हाताने काळी चिकटपट्टी लावली. ट्रीसाने बटण दाबलं. छत एकदा दुधासारखं उजळलं आणि विझलं. तिने लगेच पुन्हा दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, काही नाही. तीन सेकंद झाले, लाईटवरचा बारका लाल दिवा हिरवा झाला आणि मग लाईट पेटला.

एवढ्यात ती वेदीकडे पाठ करून उभी असताना लाईट आपोआप पेटला. ट्रीसा गर्रकन वळली.

"मीच, मीच!" जोमोन दाराकडून ओरडला. "मी आधीचाच नंबर ठेवलाय, अजून बदलला नाही. खोक्यातून येतो तोच, एक नंबर. तुम्हीही तोच ठेवला होतात वाटतं!"

तसंच झालं होतं. एवढा नंबरवाला ट्रिगर निवडून आणला आणि नंबर बदलायचाच राहिला होता. उद्या तिसरा कुणी पाहुणा असला ट्रिगर घेऊन आला असता तर? तिने पाप्पच्चनांना विचारलं, "कुठला लावू?"

"सत्तेचाळीस. तुझ्या आईचं जन्मसाल. ते कुणाच्या डोक्यात यायचं नाही."

दोघांच्या कॅमेऱ्यांवर आणि दोन्ही लाईटना सत्तेचाळीस लावला. मग डावीकडचा लाईट पेटेना. खांबामागेच चर्चच्या माईकची पेटी होती, तिचा त्रास होत होता. जोमोनने चॅनेल वर-खाली करून बघितला, अकरावर तो बिनतक्रार चालू लागला. तासभर त्यांनी वेदीपासून दारापर्यंत, वरच्या गॅलरीपासून घंटेच्या जिन्यापर्यंत सगळीकडून दाबून बघितलं. लाईट एकदाही चुकले नाहीत आणि एकदाही आगाऊपणा केला नाही.

निघताना जोमोन म्हणाला, "चेची, मिन्नूच्या वेळी आपण बोलून घेऊ. मी मान हलवली की मी, नाहीतर तुम्ही. दोघं एकदम नको."

"एकदम दाबलं तरी एकदाच पेटेल."

"हो, पण तरीही," तो म्हणाला आणि गडबडीने गाडीत बसला.

रविवारी साडेदहाला सेलीन वडिलांचा हात धरून आत आली. पांढरी साडी, हातात मोगऱ्याचा गुच्छ. तिची आई ग्रेसी पहिल्या रांगेत बसली होती, पण तिचं लक्ष वेदीकडे नव्हतंच. प्रत्येक खांबाकडे, प्रत्येक लाईटकडे ती शत्रूकडे बघावं तशी बघत होती. सेलीन स्टुडिओत येऊन गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं.

पहिला फोटो ट्रीसाने काढला. छत उजळलं. सेलीनच्या खांद्यांना किंचित ताण आला, मग तिने वर छताकडे बघितलं आणि पुढच्या उजेडाची वाट बघितली. तो आला नाही. मनातल्या मनात तिने मोजलं असावं, कारण दुसरा लाईट गेला तेव्हा तिचे खांदे हलले नाहीत. तिसऱ्या-चौथ्या फोटोपर्यंत ती विसरूनच गेली. टोबिनने साडीतून काढलेल्या सात धाग्यांत ओवलेला मिन्नू तिच्या गळ्यात बांधला, गाठ नीट बसेना म्हणून त्याची बहीण मागून हसली, आणि सेलीनही हसली. जोमोनने मान हलवली. एकच उजेड पडला. अच्चनांनी डोळे मोठे करून नवऱ्याच्या हाताकडे बघितलं, जणू गाठ कशी बांधतात ते आजच कळलं.

ट्रीसाला वाटलं, झालं. सुटलो.

जेवण शेजारच्या हॉलमध्ये होतं. तिथे अच्चनांचा नियम नव्हता, पण जोमोन आपणहून म्हणाला की इथेही तेच दोन लाईट ठेवू. नवरा-नवरी हॉलच्या दारात उभे राहिले. माईकवरच्या माणसाने त्यांची नावं पुकारली, गाणं सुरू झालं, आणि त्याच क्षणी स्टेजच्या कडेला ठेवलेली एक काळी पेटी फडफडायला लागली. पांढरा उजेड, भराभर, थांबायचं नाव नाही. हॉलच्या माणसाने हौसेने आणून ठेवली होती. कुणी सांगितली नव्हती, कुणी विचारली नव्हती.

ट्रीसा स्टेजपासून वीस पावलांवर होती. मधे खुर्च्या, मुलं, पाणी वाटणारी माणसं. ती ओरडली, पण गाण्यात काहीच ऐकू गेलं नाही. तेवढ्यात तिला दिसलं, की टोबिनने सेलीनला झटक्यात आपल्याकडे वळवलं, तिचा चेहरा खांद्यावर दाबून धरला आणि मोकळ्या बाजूच्या डोळ्यावर आपला तळहात पक्का झाकला. "जोमोन! बंद कर ते!" असं तो अशा आवाजात ओरडला की माईकवाला गप्पच झाला. जोमोन आधीच पळत सुटला होता. त्याने पेटीची वायर भिंतीतून ओढून काढली.

हॉल शांत झाला. लोकांना वाटलं, वीज गेली. कुणी टाळ्याही वाजवल्या.

ट्रीसा धापा टाकत दोघांजवळ पोचली. टोबिनने हात हळूच काढला. सेलीन धड होती. तिचा हात उडाला नव्हता, डोळे फिरले नव्हते. ती नवऱ्याकडे नुसती बघत होती.

"तुला माहीत आहे?"

"मनसम्मताच्या दिवसापासून."

"कुणी सांगितलं?"

"तूच. डोळ्यात कचरा गेला की माणूस डोळा चोळतो. तळहाताने असा गच्च झाकून धरत नाही. माझा वॉर्डच या आजाराचा आहे, सेलीन. रोज बघतो मी."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुला वाटलं असतं, चोरी पकडली. म्हटलं, सांगशील तेव्हा सांगशील. तोवर लाईटचं तेवढं बघून घेऊ." तो ओशाळून हसला. "ही पेटी राहिली."

सेलीनला आधी हसू आलं, मग रडू, मग दोन्ही एकदम. टोबिनने खिशातला रुमाल काढला, तो घड्या घातलेला नवा कोरा रुमाल ऐनवेळी उलगडेना, तेव्हा तिने सरळ त्याच्या कोटाला डोळे पुसले.

जोमोन वायरचं टोक हातात घेऊन परत आला होता. ट्रीसाने त्याच्याकडे वळून बघितलं. "म्हणजे तुलाही माहीत होतं?"

"नोव्हेंबरातच फोन आला होता याचा. शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही. मी महिनाभर विचार करतोय, की त्या पालाईच्या चेचीला काय कारण सांगून लाईट बंद करायला लावू? तेवढ्यात तुमचाच फोन. सुंठीवाचून खोकला गेला!"

"आणि मी तुझ्यासाठी अच्चनांपर्यंत गेले!"

"चेची, तुम्ही अच्चनांचं नाव घेतलंत ना, तेव्हा मी फोन बाजूला ठेवून क्रूसाची खूण केली."

सेलीन मात्र तिथून निघाली होती. साडीचा घोळ उचलून, खुर्च्यांमधून वाट काढत ती आईकडे गेली. ग्रेसी जागीच उभी होती, तोंडावर पदर, काय झालं ते अर्धं कळलेलं आणि अर्धं कळायची हिंमत नसलेली. सेलीनने तिच्या कानात काहीतरी सांगितलं. ग्रेसीने लेकीकडे बघितलं, जावयाकडे बघितलं, आणि ती मागची खुर्चीही न बघता खाली बसली. सुदैवाने खुर्ची होती.

"बसू दे मला जरा," ती म्हणाली. "दोन महिने बसलेच नाहीये मी."

टोबिन तिच्यापुढे उकिडवा बसला. ग्रेसीने त्याचा हात धरला. "मोने, रागावलास?"

"राग कसला, अम्मची? फक्त तिच्या गोळ्या लोणच्याच्या बरणीत लपवून विमानात देऊ नका. सामान तपासतात, पंचाईत होईल."

ग्रेसीचा चेहरा लालबुंद झाला. सेलीनने आईकडे निरखून बघितलं. "अम्मा! खरंच?"

"लोणच्याची नाही," ग्रेसी पुटपुटली. "केळ्याच्या वेफर्सच्या डब्यात ठेवणार होते."

यावर आजूबाजूला जे हसू फुटलं त्याचं कारण तीनच खुर्च्यांना माहीत होतं, पण हसला सगळा हॉल. ग्रेसीही हसली. इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सुटला की माणूस जसा हसतो, तशी पोट धरून. ट्रीसाचा जीव भांड्यात पडला. तिच्या लक्षात आलं, की आपण सकाळपासून पाण्याचा घोटही घेतलेला नाही.

कोपऱ्यातल्या टेबलावर पाप्पच्चनांनी कधीचंच पान मांडून घेतलं होतं. अप्पम, स्टू, बदकाचा रस्सा. गोंधळ झाला तेव्हा ते लाईटपाशी होते. लाईट सुखरूप आहेत हे बघून मगच जेवायला बसले होते. ट्रीसाने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी घास चावता चावता ऐकून घेतलं.

"म्हणजे जिला लपवायचं होतं ती लपवत होती, आणि ज्याच्यापासून लपवायचं तोही लपवत होता," ते म्हणाले. "आणि मधल्यामधे वर्कीचा धंदा झाला."

"ट्रिगर वाया गेले म्हणताय?"

"वाया कशाला? पुढच्या शनिवारी रामपुरमचं लग्न आहे ना. तिथे नवरा-नवरी धडधाकट आहेत, पण त्या अच्चनांचे डोळे कमजोर आहेत." त्यांनी पान तिच्याकडे सरकवलं. "खा. कधीची उपाशी आहेस."

ट्रीसाने अप्पमचा तुकडा रश्श्यात बुडवला. इतक्यात जोमोन येऊन शेजारी बसला, त्याने पाप्पच्चनांच्या पानातलं बदकाचं एक मोठं हाड बिनदिक्कत उचललं आणि म्हणाला, "चेची, नवऱ्याकडचे त्रेचाळीस जण बाहेर झाडाखाली उभे राहतायत. एका फोटोत बसतील?"

"दोन रांगांत नाही बसणार. तीन कर. म्हातारे खुर्च्यांवर, मुलं खाली," ट्रीसा म्हणाली. "आणि सेलीनच्या त्या मामांचा कॅमेरा आधी काढून घे. मी दोन घास खाऊन आलेच."